आमच्या मुलाला वर्गात बसू द्या: शाळा व्यवस्थापन समितीला आणि तिसरीच्या पालकांना खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, मुख्याध्यापिका बाई, समितीचे सर्व सदस्य आणि तिसरीच्या वर्गातले पालक, यांना नमस्कार.

समितीच्या बैठकीनंतर आम्हाला शाळेचं पत्र मिळालं. त्यातला ठराव असा: "सदर विद्यार्थ्याच्या तसेच इतर विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा विचार करता, विद्यार्थी पूर्णपणे बरा झाल्याचा वैद्यकीय दाखला सादर होईपर्यंत त्यास शाळेत पाठवू नये." खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. हा ठराव करण्याआधी आम्हाला कुणी बोलावलं नाही. नंतर भेटीची वेळ मागितली, तीही मिळाली नाही. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. शाळेचं नाव घालत नाही, मुलाचंही घालत नाही. तुम्हाला दोन्ही माहीत आहेत, बाकीच्यांना कळायची गरज नाही. मात्र कोल्हापुरात असं मूल असलेलं आमचं एकट्याचंच घर नाही, हे मला औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत उभं राहून कळलं आहे. त्या घरांसाठीही हे पत्र आहे.

आमच्या मुलाला ल्युकेमिया आहे. रक्ताचा कॅन्सर. त्यातला 'एएलएल' हा प्रकार, जो लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो. ताप उतरेना, तोंड पांढरं पडलं, नडग्यांवर निळे डाग दिसायला लागले. डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी, करायला सांगितला आणि त्याच संध्याकाळी फोन करून बोलावून घेतलं. पुढची गोष्ट तुम्हाला ऐकून माहीत आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस, परळचं टाटा हॉस्पिटल, बोन मॅरोची (अस्थिमज्जेची, म्हणजे हाडातल्या मगजाची) तपासणी, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतला मुक्काम. त्याचे बाबा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत आहेत, ते पाळी बदलून घेऊन येऊनजाऊन होते. मी पतसंस्थेतल्या नोकरीवर बिनपगारी रजा टाकली. थोरली लेक आजीपाशी राहिली.

त्या काळात कोल्हापूरनं आमच्यासाठी काय केलं तेही इथं लिहायला हवं, नाहीतर पुढच्या तक्रारी वाचून कुणाला वाटेल की ही बाई सगळ्या गावावर रागावली आहे. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. त्या काढल्या की जेमतेम पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. पहिल्या महिन्यात त्या सारख्या लागत होत्या. आमच्या पेठेतल्या तालमीच्या पोरांनी मुंबईत नोकरीला असलेले कोल्हापूरकर शोधून काढले, एकेकाला फोन लावून रक्तपेढीत पाठवलं. त्यातल्या बऱ्याच जणांचा चेहराही मी पुन्हा पाहिला नाही. याच शाळेतल्या दोन पालकांनी न सांगता आमच्या गॅसची सिलेंडर भरून आणली. तेही हे पत्र वाचतील. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते त्यांना माहीत आहे.

आता मुद्द्यावर येते.

तुम्ही मागितलेला 'पूर्णपणे बरा' असा दाखला कुठलाच डॉक्टर आज देणार नाही. तो आमच्या मुलाला नाही, जगात या आजारातून चाललेल्या कुठल्याच मुलाला या टप्प्यावर मिळत नाही. या आजाराचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो. सुरुवातीचे महिने जड असतात. मोठ्या सुया, मोठी औषधं, केस जाणं, स्टेरॉइडनं तोंड सुजणं आणि रात्री दोनला उठून 'आई, आमटीभात दे' म्हणणं. तो सगळा भाग मागं पडला आहे. आता त्याचा मेंटेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून चालणारा औषधांचा टप्पा, सुरू आहे. रोज रात्री सिक्स-एमपीची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची (दोन्ही केमोचीच औषधं), ठरावीक महिन्यांनी पाठीतलं इंजेक्शन, आणि मधूनमधून सीबीसी. हा टप्पा अजून वर्षभर आहे. मग औषधं बंद. त्यानंतरही डॉक्टर साधारण पाच वर्षं नीट गेल्याशिवाय 'बरा झाला' असं ठामपणे म्हणत नाहीत. हिशेब करून बघा. तुमच्या ठरावाप्रमाणे तो तिसरीतून घरी बसेल आणि दाखला हातात येईपर्यंत त्याच्या वर्गातली मुलं दहावीच्या उंबऱ्यावर असतील.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट लिहून दिलं आहे की काउंट ठीक असतील तेव्हा त्यानं शाळेत जावं, खेळावं, मुलांत मिसळावं. काउंट म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा. तो आकडा पाचशेच्या खाली गेला तर मुलगा घरीच राहील, ते तुम्ही सांगायची गरज नाही. अशा दिवसांत आम्ही त्याला दारातल्या कट्ट्यावरसुद्धा सोडत नाही. मुख्याध्यापिका बाई, तो दाखला मी तुमच्या टेबलावर ठेवला होता. बैठकीत तो वाचला गेला का, हे मला समितीकडून ऐकायचं आहे.

'इतर विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा विचार' हे ठरावातले शब्द मला सगळ्यात जास्त लागले. त्यांचा उगम कुठं आहे ते मला ठाऊक आहे. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "हे पसरत नाही ना?" त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. मग दुसऱ्यानं लिहिलं, "उगाच रिस्क कशाला." त्यानंतर आठवडाभरात माझा मुलगा शेवटच्या बाकावर एकटा बसायला लागला होता आणि मधल्या सुट्टीत त्याचा डबा वेगळा झाला होता. बाईंनी त्याला सांगितलं की हे तुझ्याच भल्यासाठी आहे. त्यानं घरी येऊन विचारलं की त्याच्या डब्याला वास येतो का.

तेव्हा पुन्हा एकदा, सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते. रक्ताचा कॅन्सर शिंकेतून पसरत नाही, डब्यातून पसरत नाही, एका बाटलीतून पाणी प्यायल्यानं पसरत नाही, हात हातात घेतल्यानं पसरत नाही. अस्थिमज्जेतल्या पेशी बिघडून बेसुमार वाढायला लागतात आणि चांगल्या रक्ताला जागा उरत नाही, असा हा आजार आहे. बहुतेक मुलांत तो का झाला याचं कारण सापडत नाही. मॅगीनं झाला नाही, फ्रीजमधलं खाल्ल्यानं झाला नाही, ग्रहणात मी भाजी चिरली म्हणूनही झाला नाही. (हे तिसरं मला हळदीकुंकवाला एका शिकलेल्या बाईंनी ऐकवलं आहे.)

धोका आहेच, नाही असं नाही. पण तो उलट्या बाजूनं आहे, तुमच्या मुलांकडून आमच्या मुलाला. आणि इथं माझी सगळ्यात मोठी तक्रार येते, जिचा ठरावात उल्लेखही नाही.

दिवाळीनंतर वर्गातल्या एका मुलाला कांजिण्या आल्या. शाळेला ते कळलं होतं, त्या मुलाची रजेची चिठ्ठी आली होती. आम्हाला कुणी कळवलं नाही. मला ते भाजी घेताना एका वहिनींच्या बोलण्यातून समजलं, तेव्हा बरेच दिवस उलटून गेले होते. कांजिण्या तुमच्या मुलाला आल्या तर तो आठवडाभर घरी बसेल, कडुलिंबाच्या पाल्यानं अंघोळ करेल आणि परत खेळायला जाईल. माझ्या मुलाच्या बाबतीत त्याच कांजिण्या फुप्फुसात, यकृतात उतरू शकतात आणि जीव घेऊ शकतात. त्या अंगावर दिसायच्या एकदोन दिवस आधीपासूनच पसरतात. म्हणून संपर्क झाल्याचं लगेच कळणं फार महत्त्वाचं. डॉक्टरांना पहिल्या तीनचार दिवसांत कळलं तर संरक्षण देणारं इंजेक्शन किंवा औषध देऊन बचाव करता येतो. फार उशीर झाला की वाट बघत बसायचं. आम्ही तीन आठवडे त्याचं अंग रोज उजेडात न्याहाळत बसलो होतो. नशिबानं काही झालं नाही. पण नशिबावर शाळा चालू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

गोवराचंही तेच. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवराची साथ आली होती, लहान मुलं दगावली होती, हे सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं आहे. माझ्या मुलाला लहानपणी गोवराची लस दिली होती, पण केमोमुळे तिचं संरक्षण कमी झालेलं असू शकतं. आणि आता उपचार चालू असताना जिवंत विषाणूंची कुठलीच लस त्याला देता येत नाही. त्याच्याभोवतीच्या मुलांना लस असणं, हेच त्याचं संरक्षण. गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाही, विकत घ्यावी लागते. ती सगळ्यांना परवडत नाही हे मला कळतं, म्हणून मी ती मागत नाही. मी फक्त निरोप मागते आहे.

तुम्ही म्हणाल, मग घरीच ठेवा की, त्यात त्याचंच हित आहे. ग्रुपवर एका दादांनी तसं लिहिलंच आहे, "पोरगं घरी राहू दे ओ वहिनी, शिकायला आयुष्य पडलंय." दादा, तुमचा हेतू वाईट नाही. पण त्या मुलानं दोन पावसाळे खिडकीतून बघितले आहेत. हॉस्पिटलच्या खाटेवर त्यानं पाढे पाठ केले, ते शाळेत परत जायचं म्हणून. औषध घ्यायला तो हट्ट करायचा तेव्हा आम्ही त्याला शाळेचंच आमिष दाखवायचो. आता रोज रात्रीच्या गोळीला मी त्याला काय सांगू?

आणि घरी ठेवायचं तर शिकवणार कोण? २०२० आणि २०२१ मध्ये याच शाळेनं सगळ्या इयत्ता मोबाईलवर चालवल्या. मास्क, सॅनिटायझर, अंतर, सगळं जमलं. तेव्हा प्रत्येक घराला भीती होती म्हणून जमलं. आम्ही मुंबईला असताना बाईंनी काही दिवस व्हिडिओ पाठवले, मग 'वर्गातल्या बाकी मुलांकडे दुर्लक्ष होतं' म्हणून ते थांबले. पंचायत समितीकडे चौकशी केली. गंभीर दिव्यांग मुलांना घरी येऊन शिकवण्याची योजना आहे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे. रक्ताचा कॅन्सर नाही. म्हणजे कागदावर माझा मुलगा दिव्यांग नाही आणि तुमच्या ठरावाप्रमाणे धडधाकटही नाही.

कायद्याचं बोलतेच आहे तर तेही पूर्ण करते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १६ वं कलम सांगतं की प्रारंभिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. 'आम्ही नाव कमी केलेलं नाही, फक्त पाठवू नका म्हटलं' असा खुलासा क्लार्कनं माझ्यापाशी केला. सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल सरकारच्या व्याख्येत शाळाबाह्य ठरतं. पुढच्या सर्वेक्षणात शाळाबाह्य मुलं शोधत तुमच्याच शाळेच्या बाई आमच्या दारात आल्या तर मी त्यांना कुणाचा पत्ता देऊ? त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. म्हणजे हा ठराव कुठल्या साहेबानं केलेला नाही. तो आयांनी आणि बापांनी केला आहे.

कोल्हापुरात कुणीही तक्रारअर्ज लिहायला घेतला की शाहू महाराज येतातच. मीही त्यांना टाळणार नाही, कारण शाळेच्या पायऱ्या चढल्यावर समोर त्यांचीच तसबीर आहे. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. जयंतीच्या भाषणात हे तुम्ही दरवर्षी सांगता, मागच्या खेपेला माझ्या लेकीनंच ते भाषण पाठ करून केलं. इथं पालक मूल घेऊन फाटकापर्यंत येतो आहे आणि फाटक बंद आहे. दंड कुणाला करायचा ते तुम्हीच ठरवा.

लेकीचा विषय निघाला म्हणून. ती सातवीत, तुमच्याच संस्थेत आहे. तिला मैत्रिणी विचारतात, "तुझा भाऊ मरणार का?" पोरी लहान आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण वर्गावर असलेल्या सरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे बरोबर नाही. या आजाराविषयी मुलांना कुणी काही सांगतच नाही, म्हणून ती त्यांच्या परीनं उत्तर शोधतात. त्यांना खरं सांगता येतं. सत्तरएक वर्षांपूर्वी हा आजार झालेलं मूल वाचत नसे. आज आपल्याकडे चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार घेणारी बहुसंख्य मुलं वाचतात, मोठी होतात, नोकऱ्या करतात. शाळेच्या फाटकालगत गुलाबी सदाफुलीची रांग आहे ना, त्याच झाडापासून विन्क्रिस्टिन नावाचं औषध मिळतं. ते माझ्या मुलाला शिरेतून दिलं गेलं आहे. तो जी मेथोट्रेक्सेटची गोळी घेतो, तिच्यामागे आंध्रातून अमेरिकेला गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेचं काम आहे. विज्ञानाच्या एका तासाला एवढं पुरेसं आहे. माझा मुलगा स्वतः उभं राहून सांगेल, त्याला सगळ्या औषधांची नावं तोंडपाठ आहेत. खरं तर त्याला सांगायला आवडेलही. शाळेनं पहिल्यांदा बोलावलं तर.

आमच्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यातल्या एकीलाही पैसे लागत नाहीत.

हा ठराव लेखी मागे घ्या. दाखला हवाच असेल तर 'शाळेत येण्यास हरकत नाही' असा घ्या, तो आम्ही प्रत्येक तपासणीनंतर नवा आणून देऊ. ज्या दिवशी काउंट कमी असतील त्या दिवशीची गैरहजेरी उपचारासाठीची म्हणून वेगळी नोंदवा आणि त्या दिवसांचा अभ्यास एखाद्या वर्गमित्राच्या वहीतून किंवा फोनवर पाठवा. परीक्षा चुकली तर परत घ्या.

वर्गातल्या कुणालाही कांजिण्या, गोवर किंवा गालगुंड झाल्याचं कळलं की त्याच दिवशी आम्हाला फोन करा. मुलाचं नाव सांगू नका, आम्हाला ते नको आहे. 'वर्गात कांजिण्या आहेत' एवढे तीन शब्द पुरतात. पालकांनो, ही विनंती तुम्हालाही आहे. अंगावर पुरळ किंवा तापात खोकला दिसला तर मुलाला दोन दिवस घरी ठेवा आणि बाईंना खरं सांगा. हजेरीच्या बक्षिसासाठी तापातलं मूल धाडू नका. (शाळेनंही शंभर टक्के हजेरीचं ते बक्षीस बंद केलं तर बरं, पण ती माझी मागणी नाही, मत आहे.)

त्याला पुन्हा मित्रांमध्ये बसवा. खिडकीजवळचा बाक दिलात तर उत्तम, हवा खेळती राहते. डबा घरचा असेल, पाणी उकळलेलं असेल, मास्क तो लावेल. बाकी कुणी काही वेगळं करायचं नाही.

पालकसभेत एक तास लहान मुलांच्या डॉक्टरांना बोलवा. शंका असतील त्या त्यांना विचारा. ग्रुपवर विचारू नका. मीही तिथं असेन आणि विचारायला अवघड वाटणाऱ्या प्रश्नांनाही उत्तर देईन. ग्रहणाच्या प्रश्नालासुद्धा.

शेवटची मागणी या शाळेपुरती नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांनी सगळ्या शाळांना एक परिपत्रक काढावं. कॅन्सरचा उपचार घेणाऱ्या मुलाला डॉक्टरांची संमती असताना वर्गाबाहेर ठेवता येणार नाही, आणि साथीच्या आजाराची माहिती त्याच दिवशी त्याच्या पालकांना द्यावी. कागदाच्या एका पानात मावेल एवढंच ते आहे. त्यांच्याकडे या पत्राची प्रत दिली आहे.

मागच्या आठवड्यातला सीबीसी चांगला आला आहे. डॉक्टरांनी शाळेची परवानगी दिली आहे. दाखल्याची प्रत आणि हे पत्र दोन्ही शाळेच्या ऑफिसात दिलं असून पोच घेतली आहे. येत्या सोमवारी प्रार्थनेच्या आधी आम्ही दोघं त्याला दप्तरासकट घेऊन येणार आहोत. तोपर्यंत समितीचा निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपली,
तिसरीतल्या एका विद्यार्थ्याची आई
कोल्हापूर